इंग्रजीतली बायको

“माय वाइफ इज अंडर द वेदर,” काका म्हणाले आणि काउंटरच्या काचेवर फडकं फिरवत राहिले.

धाकटीने हातातली फ्रेम खाली ठेवली. “ओह! व्हॉट हॅपन्ड?”

“नी पेन. अँड...” काकांना शब्द सापडेना. त्यांनी छताकडे पाहिलं, पण तिथे पंख्याशिवाय काही नव्हतं. “अँड अँग्री. विथ मी.”

“व्हाय अँग्री?”

“आय फरगॉट वॉटर. फॉर हर प्लँट्स.”

“देन यू आर इन हॉट वॉटर, काका!” धाकटी खळखळून हसली. हे तिने कालच पाठ केलं होतं आणि इतक्या लवकर वापरायला मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. अडचणीत सापडलेल्या माणसाला हे लोक गरम पाण्यात का बसवतात, असं काकांना विचारायचं होतं. पण एवढं लांबलचक फक्त मराठीतच विचारता आलं असतं, आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत जो मराठीत बोलेल त्याने भिंतीवरचा मोठा आरसा पुसायचा, असा नियम होता. आरसा पुरुषभर उंच होता आणि काकांचा खांदा दुखरा होता. त्यांनी फडकं पुढच्या काचेवर वळवलं.

तेवढ्यात एक बाई चष्म्याची तुटलेली काडी घेऊन आत आल्या. धाकटी त्यांच्याकडे वळली आणि काका मागच्या खोलीत आपल्या चाकापाशी जाऊन बसले.

काकांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

चष्म्याच्या या दुकानात काका मागच्या खोलीतले. पुढे फ्रेमा, दिवे, आरसे आणि गोड बोलणं. मागे एक खिडकी, एक स्टूल आणि काचा घासायचं चाक. नंबरची काच यायची, तिच्या मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा, पाणी ठिबकणाऱ्या चाकावर ती फ्रेमच्या मापाची होईपर्यंत घासायची आणि पुढे द्यायची. शेकडो लोकांना त्यांच्यामुळे नीट दिसू लागलं असेल, पण त्यातल्या एकानेही त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्याबद्दल काकांची तक्रार नव्हती. चाकाच्या आवाजात बोलावं लागत नाही, ही त्यांना मोठी सोय वाटायची.

पुढे काउंटरवर दोघी होत्या. थोरल्या बाई दुकान उघडलं तेव्हापासूनच्या. धाकटी वर्षभरापूर्वी लागलेली, वयाने आणि मानाने दोन्ही अर्थांनी धाकटी. मालक विमानतळावर दुसरं दुकान काढणार होते आणि तिथे घडाघडा इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. धाकटीला तिथे जायचं होतं. व्याकरण तिला येत होतं; तोंड उघडायचं म्हटलं की दातखीळ बसायची. थोरल्या बाईंनी हात जोडले. “मला आहे तेवढं मराठी पुरे आहे गं,” त्या म्हणाल्या. मग उरले काका.

“मला काय येतंय?” काका म्हणाले.

“म्हणूनच तर. तुमच्यासमोर चुकायची लाज नाही वाटत.”

हा मान म्हणावा की अपमान, ते काकांना ठरवता आलं नाही, म्हणून ते हो म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर इंग्रजी शिकवणारी एक बाई शोधून काढली. ती एक वाक्य म्हणायची, मग काका म्हणायचे. काका चुकले तरी ती न रागावता पुढे जायची. घरात इतक्या वर्षांनी बाईमाणसाचा आवाज आला, याचंच त्यांना पहिले काही दिवस नवल वाटलं.

पहिल्या सकाळी धाकटीच्या पुस्तकातला पहिलाच प्रश्न होता: तुमच्या घरी कोण कोण असतं? काकांना खरं उत्तर येत होतं. शब्दही सोपे होते. पण तोंडातून निघालं, “माय वाइफ. शी इज व्हेरी स्ट्रिक्ट.”

बोलून गेले खरे, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. कारण ती खरोखरच कडक होती. पायपुसण्यावर पाय न पुसता आत आलेलं तिला चालायचं नाही.

मराठीत त्यांनी तिचं नाव काढणं कधीच सोडून दिलं होतं. नाव काढलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, “चालायचंच” असं काहीतरी तो पुटपुटायचा आणि विषय बदलायचा. माणसं वाईट नव्हती. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. इंग्रजीत तसं नव्हतं. इंग्रजीत ती घरी होती. तिचा गुडघा दुखत होता, तिला दुपारी झोप आवडत नव्हती, तिने गॅलरीत रोपं लावली होती आणि काका पाणी घालायला विसरले की ती बोलणं टाकत होती. यातलं खोटं असं एकच होतं, ते म्हणजे आज. बाकी सगळं कधी ना कधी घडलेलं होतं. काका रात्री जेवताना ठरवायचे, उद्या तिचं काय सांगायचं. मग त्यासाठी लागणारे शब्द शोधायचे. असे शब्द गोळा करता करता त्यांना तिच्याबद्दलच्या विसरलेल्या गोष्टी आठवू लागल्या. ती शिवताना दोरा दातांनी तोडायची, हे त्यांना ‘थ्रेड’ शिकताना आठवलं.

धाकटी सुधारत गेली. आता ती अडखळत नव्हती, मध्येच विनोद करत होती. अवघड काचेचं काम आलं की “पीस ऑफ केक, काका!” म्हणायची, आणि सोप्या कामालाही या लोकांना खायचंच कसं सुचतं असं काकांच्या मनात यायचं. एकदा एक परदेशी गिऱ्हाईक आलं, तर तिने त्याला दोन फ्रेमा विकल्या आणि वर चष्मा पुसायचं फडकंही गळ्यात मारलं. काका मागच्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना अभिमान वाटला, आणि आता ही इथे फार दिवस राहत नाही, हेही कळलं.

त्यानंतर लवकरच मालक मागच्या खोलीत आले. एरवी ते तिथे फिरकत नसत.

“काका, धाकटी तुमच्याशी रोज बोलते म्हणे. कशी आहे? विमानतळावर पाठवू, का अजून काही दिवस इथेच तयार होऊ दे? मला घाई नाही. तुम्ही म्हणाल तसं.”

चाकावर काच होती. काकांनी ती उगाचच जरा जास्त वेळ धरली. ‘अजून थोडी कच्ची आहे,’ एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. कुणाला कळलं नसतं. धाकटीला तर नाहीच. तिला स्वतःवर विश्वास कमीच होता, तिने मुकाट्याने मानलं असतं. निदान पुढचे काही महिने सकाळी कुणीतरी विचारलं असतं, काकू कशा आहेत.

“पाठवा,” काका म्हणाले. “तयार आहे ती. इथे ठेवून काय करायचंय?”

मालक गेल्यावर काकांनी काच हातात घेऊन पाहिली. एका बाजूने जास्त घासली गेली होती. ती टाकून त्यांनी दुसरी घेतली आणि स्वतःवरच दिवसभर चिडचिड करत राहिले.

शेवटच्या सकाळी धाकटी नेहमीपेक्षा लवकर आली. दोघं समोरासमोर उभं राहून काउंटर पुसू लागली.

“सो, काका. हाऊ इज युअर वाइफ टुडे?”

काकांनी रात्री तयारी केली होती. तिने तुला आशीर्वाद सांगितलेत, असं म्हणायचं ठरलं होतं. पण मुलगी चालली होती, आणि जाताना तिच्या पदरात खोटं बांधावं हे त्यांना बरं वाटेना.

“माय वाइफ इज डेड,” ते म्हणाले. “मेनी इयर्स. आय टोल्ड यू लाइज. सॉरी.”

“आय नो,” धाकटी हळूच म्हणाली.

काकांचा हात थांबला. “कुणी सांगितलं?” ते मराठीत म्हणाले. आरशाचा नियम दोघांनाही आठवला नाही.

“थोरल्या बाईंनी. मी लागले त्याच आठवड्यात. म्हणाल्या, काकांना घरचं काही विचारू नकोस.”

“आणि तू रोज विचारत राहिलीस?”

“पहिल्या दिवशी चुकून विचारलं हो. पुस्तकात होतं म्हणून. विचारलं आणि जीभच चावली. पण तुम्ही म्हणालात, फार स्ट्रिक्ट आहे, आणि हसलात. तोपर्यंत मी तुम्हाला हसताना पाहिलंच नव्हतं. मग म्हटलं, विचारत जाऊ.”

“वेडा वाटलो असेन तुला.”

“छे! काका, मीच परवा आईला सांगत होते, काकूंचा गुडघा परत दुखायला लागलाय म्हणून. आई म्हणाली, तेल लावून शेकायला सांग.” ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोन करत जाईन, असं ती म्हणाली. करत जा, असं काका म्हणाले. नव्या नोकरीत ते किती जमणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी काका घरी आले, पायपुसण्यावर पाय पुसले आणि खुर्चीत बसून राहिले. मोबाइलमधल्या बाईला त्यांनी बोलावलं नाही. मराठीत बायको केव्हाच गेली होती. इंग्रजीत तरी होती. आज तिथूनही गेली, आणि ते सांगणारे ते स्वतःच. पहिल्या वेळी निदान चार माणसं भेटायला तरी आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काउंटर दोन्ही बाजूंनी एकट्याने पुसलं. थोरल्या बाई फ्रेमा मांडत होत्या.

“आता तुमची इंग्रजीची शाळा बंद वाटतं, काका?”

“बंद.”

त्यांनी काचेवरचा एक डाग घासून काढला. मग काका म्हणाले, “माझी बायको रोपांना फार जपायची.”

मराठीत हे वाक्य त्यांनी कधीच कुणाला म्हटलं नव्हतं.

“अं? काय म्हणालात?” थोरल्या बाईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा पडला नाही. उलट त्या फ्रेम हातात धरून थांबल्या. “सांगा ना.”

काकांनी तोंड उघडलं तोच दार ढकलून एक गृहस्थ आत आले आणि आरशासमोर उभे राहिले. थोरल्या बाई त्यांच्याकडे गेल्या. काका फडकं हातात धरून थांबून राहिले. गृहस्थांनी एक फ्रेम लावून पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. पसंतीला वेळ घेणारं गिऱ्हाईक होतं. काकांनी फडक्याची घडी केली, मागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले आणि चाक सुरू केलं.