साबेराने उतरवलेलं गंगावन

मित्रांनो, मी एक जुनी वेणी आहे. बायका आपल्या विरळ केसांना जोडतात ती उसनी वेणी. मला गंगावन म्हणतात. माझे केस मात्र खरे आहेत. मेढ्याच्या राजेश्वरीला पोलिसांत घेतलं, तेव्हा ट्रेनिंगला जाण्याआधी तिने मला कापलं. गंगावनं बनवणाऱ्या मिरजेच्या केरबाने मला धुऊन, विंचरून मुळाशी घट्ट बांधलं. मग कितीतरी वर्षं मी शाळांच्या स्नेहसंमेलनांत मुलींच्या पाठीवर नाचले. त्या टाळ्या मलाही मिळतात, असं मला वाटे.

पुढे मिरजेतल्याच जीनतने मला आपल्या लेकीसाठी घरी नेलं. साबेरा त्वचेच्या डॉक्टरांकडे कामाला होती आणि तिलाच चाई लागली होती. डोक्यावर रुपयाएवढे टक्कल पडलेले डाग वाढत चालले होते. सांगलीहून अश्फाक नावाचा मुलगा आणि त्याच्या घरचे तिला बघायला आले, त्या दिवशी जीनतने मला तिच्या उरलेल्या केसांत गुंफलं.

अश्फाकच्या आईने ओढणीखालून बाहेर आलेला माझा शेंडा कुरवाळला. "केस लय झ्याक हायत पोरीचं!" म्हणाली. साबेराची मान खाली गेली. लग्न ठरलं.

साबेराला ते सोसेना. ती आईला घेऊन मौलानांकडे गेली. सगळं खरं सांगून तिने विचारलं, "हे चालतं का?"

"न्हाई बेटी," ते म्हणाले. "दुसऱ्या माणसाचे केस जोडायला मनाई आहे. आजारात केस गळालेल्या नवरीच्या आईनेही हुजूरांना, आपल्या पैगंबरांना विचारलं होतं, तिलाही नाहीच म्हटलं. लोकरीचा, रेशमाचा गोफ लाव. त्याला आपल्या हनफी पंथाच्या आलिमांची, धर्मपंडितांची परवानगी आहे."

"आणि कुणी स्वतःचेच केस डोक्यात रोवून घेतले तर?"

"तो इलाज झाला. बरेच आलिम त्याला जायज म्हणतात. पण लग्न ठरताना काही दडवायचं नाही. पोरीनं न्हाई, पोरानंही न्हाई."

वाटेत जीनत रडकुंडीला आली. "निकाह हुईपर्यंत गप ऱ्हा, पोरी. मग बघू."

साबेरा गप्प राहिली नाही. सांगलीचे लोक पुन्हा आले, तेव्हा तिने सगळ्यांसमोर मला सोडून मांडीवर ठेवलं.

ज्या हाताने मला कुरवाळलं होतं, तो हात अश्फाकच्या आईने पदराला पुसला. "धर्मात मना हाय, आन् तू हे घालून बसली हुतीस? असली फसवी सून आमाला नगं!"

"मना आहे म्हणूनच काढलं, खाला," साबेरा म्हणाली. "पण यांनी कपाळावरचे केस रोवून घेतलेत. मी रोज असली डोकी बघते. ते तुम्ही का नाही सांगितलं?"

अश्फाकचा हात कपाळाकडे गेला. त्याने फक्त चपला शोधल्या.

"बाप्याचं येगळं असतंय," त्याची आई म्हणाली आणि सगळे उठले.

मिरज-सांगलीत एवढंच पसरलं, की दिलावरची पोरगी केस लावून फसवते. मौलानांचं अर्धं बोलणं लोकांनी उचललं, अर्धं तिथेच सोडलं. दोन महिन्यांत अश्फाकचं लग्न झालं. दिलावरने, साबेराच्या अब्बांनी, मशिदीबाहेर थांबून कुणाशी बोलणं सोडलं. जीनत लेकीला अजून म्हणते, "घातलेलं राहू दिलं असतंस तर?"

साबेराने माझं काय करायचं, हेही मौलानांना विचारलं. ते म्हणाले, "माणसाचा केस आहे, उकिरड्यावर टाकू नकोस. माणसाच्या अंगाला इज्जत असते. मातीत पूर."

आज घरामागच्या परड्यात तिने खड्डा खणला आहे. मला पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं आहे.

मित्रांनो, कापून टाकलेल्या केसांना एवढा मान मिळाला, याचं मला सुख वाटायला हवं. वाटत नाही. तुम्हाला मिरजेच्या रस्त्यात साबेरा भेटली, तर तिच्या डोक्यावरच्या रुमालाखाली काय आहे ते शोधू नका. तिला नावाने हाक मारा. कित्येक दिवसांत तिला तशी हाक कुणी मारलेली नाही.