गाळात जिंकलेली शर्यत

लिंडसे हॅगार्टने टेमार नदीची खोली मोजण्यात एकतीस वर्षं घालवली होती. बंदराच्या नोकरीत त्याचं काम तेवढंच: मोजणीची बोट घेऊन फिरायचं, कुठे किती पाणी, गाळ कुठून कुठे सरकला, ते नकाशावर उतरवायचं. तो निवृत्त झाला तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, की या नदीचा तळ लिंडसेला स्वतःच्या घरच्या जिन्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यामुळे मार्चमधल्या त्या शनिवारी, शिडाच्या होड्यांच्या भर शर्यतीत, क्लबच्या गच्चीवरून दिसेल अशा वळणावर त्याची होडी गाळात रुतली, तेव्हा त्याच्या तोंडून जो शब्द निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

"रुतलो का?" ग्लेनिसने विणकामातून मान वर न करता विचारलं. ती त्याची बायको, आणि गेली एकोणीस वर्षं दर शनिवारी त्याची एकुलती एक खलाशी.

"हळू बोल जरा."

"ऐकायला आहे कोण इथे?"

खरं तर त्याचं चुकलं नव्हतं. खाली समुद्राच्या दिशेला हिरव्या तरंगत्या बोयाला, म्हणजे शर्यतीच्या खुणेला, वळसा घालून सगळे क्लबकडे परत निघाले होते. वारा जवळजवळ पडला होता आणि ओहोटी समोरून येत होती. अशा वेळी मधल्या जोरदार पाण्यात झगडण्यापेक्षा काठाला चिकटून जावं, तिथे प्रवाह मंद असतो. लिंडसे तेच करत होता. फक्त हिवाळ्यातल्या पुरानंतर गाळ चाळीस पावलं पुढे सरकला होता, आणि ते मोजायला आता दुसरा माणूस होता.

त्याने होडी डावीउजवीकडे हलवून पाहिली, काठीने रेटून पाहिली. काठी गुडघाभर आत गेली आणि परत येईना. शेवटी ती सोडून तो खाली बसला. गाळ मऊ होता, त्यामुळे होडी न कलंडता, जमिनीत ठोकलेल्या खुंटीसारखी ताठ उभी होती.

"चहा घे," ग्लेनिस म्हणाली. "अंड्याचे सँडविचही आहेत."

इतक्यात उरलासुरला वारा पार गेला. आणि मग लिंडसेला आयुष्यात कधी न दिसलेलं दृश्य दिसलं. त्याच्या पुढे असलेल्या आठही होड्या, सगळी शिडं उभारलेली, नाक क्लबकडे, आणि उलट्या मागे येत होत्या. ओहोटी त्यांना हलकेच समुद्राकडे नेत होती. नांगर टाकला असता तर थांबल्या असत्या. पण वजन कमी व्हावं म्हणून बहुतेकांनी नांगराच्या नावाखाली खेळणी बाळगली होती, ती तळातून नुसती घसरत होती.

सगळ्यात आधी आला डॅरेल ओक्स. डॅरेल दातांचा डॉक्टर. सलग तीन हंगाम जिंकलेला, काळी महागडी शिडं लावणारा. तो सुकाणू धरून ऐटीत समोर बघत होता आणि पाठीमागे चालला होता.

"अरे लिंडसे!" तो ओरडला. "नांगर टाकलास की काय?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं.  त्याऐवजी लिंडसेने नुसता चहाचा मग उंचावला.

"बेरकी आहेस लेका!" म्हणत डॅरेल वळणाआड दिसेनासा झाला.

"हे काय होतं?" ग्लेनिसने विचारलं.

"काही नाही. चहा चांगला झालाय."

पावणेचारला ओहोटी संपली. भरती लागली, आणि सव्वाचारनंतर होडीखालचा गाळ कुरकुरत सुटला. पाण्याबरोबर, मांजराच्या फुंकरीएवढ्या वाऱ्यावर, ते दोघं पाच वाजायला चार मिनिटं असताना क्लबसमोरची रेषा ओलांडून गेले. पाच ही मुदत होती. ओहोटीने फार खाली नेलेले बाकीचे आठ जण तोवर वळणाच्या पलीकडेच होते. त्या दिवशी शर्यत पूर्ण करणारी होडी एकच.

संध्याकाळी क्लबच्या हिरवळीवर पावात घातलेले सॉसेज आणि बिअर घेऊन मंडळी जमली. अध्यक्ष मार्गो ट्रेलोर खुर्चीवर चढली. "पहिल्या विजयासाठी एकोणीस वर्षं थांबला हा माणूस! पण नदी कळणं म्हणजे काय, ते आज दाखवलं याने!"

लिंडसेने चषक हातात घेतला आणि मन घट्ट केलं. "मित्रांनो, खरं सांगतो. मी रुतलो होतो."

सगळे पोट धरून हसले.

"नाही, खरंच. गाळात. एक तासभर."

"ऐका, ऐका! नदी मोजणारा म्हणे रुतला!" कोणीतरी ओरडलं, आणि हशा वाढला.

सगळ्यात मोठ्याने बोलला तो डॅरेल. "मला नको शिकवूस. मी जवळून पाहिलंय तुला. रुतलेला माणूस असा चहा पितो होय?" डॅरेलच्या डोळ्यांत हसू नव्हतं. लिंडसेला कळलं, की याला हरायला चालेल, पण अपघाताकडून हरायला नाही चालायचं.

मार्गोने तिथल्या तिथे जाहीर केलं, गुरुवारी लिंडसेचं व्याख्यान: 'ओहोटी आणि डावपेच'.

"जाऊ नकोस," घरी येताना ग्लेनिस म्हणाली.

"जाऊन सगळं स्पष्ट सांगतो."

गुरुवारी त्याने नकाशा लावला, गाळ कुठे आला आहे ते दाखवलं, आणि तीन वेळा बजावलं, की तिकडे फिरकू नका. बत्तीस जणांनी वह्यांत ती जागा खुणेसह उतरवून घेतली.

पुढच्या शनिवारी छान वारा होता. नदीच्या मधून सरळ जायचं, इतकं सोपं होतं. तरीही डॅरेल आणि आणखी तिघं बरोबर त्या वळणावर काठाकडे घुसले, आणि रुतले. ओहोटी अजून बरीच बाकी होती. पाणी उतरत गेलं तसे ते कोरडेच पडले आणि भरती येईपर्यंत पाच तास तिथे बसले. लिंडसे नेहमीसारखाच मधून गेला आणि तिसरा आला.

"मुद्दाम ती जागा सांगितली त्याने," गुडघ्यापर्यंत काळा झालेला डॅरेल गच्चीवर सांगत होता. "आणि 'जाऊ नका' म्हणाला, म्हणजे आपण जाणारच! काय डोकं आहे!"

लिंडसेने खुलासा करायचं सोडून दिलं. त्यानंतर त्याचं साधं बोलणंही कोणी साधं मानेनासं झालं. "आज वारा फिरेल असं वाटतं" म्हटलं तरी चार जण एकमेकांकडे बघायचे. वर्षानुवर्षं ज्याला क्लबात कोणी विचारत नव्हतं, त्याच्यासाठी आता लोक बारमध्ये जागा राखून ठेवायचे.

एप्रिलच्या शेवटच्या शर्यतीत जोरात वारा आला आणि ग्लेनिसची टोपी उडून पाण्यात पडली.

"वळव, वळव! माझ्या आईची आहे ती!"

लिंडसेने सुकाणू फिरवलं. टोपी काठाच्या दिशेला, शर्यतीच्या वाटेपासून दूर वाहत चालली होती. अर्ध्या वाटेवर ग्लेनिसने मागे पाहिलं आणि त्याला कोपराने ढोसलं. डॅरेलची काळी शिडं त्यांच्या मागे वळली होती. त्यामागे आणखी पाच होड्या, एकीमागोमाग एक.

"सांग त्यांना, टोपी आणायला चाललोय म्हणून," ती म्हणाली.

"मानतील?"

तिने विचार केला. "नाही."

लिंडसे सुकाणूपाशी जरा ताठ बसला. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.