मोठे बूट

तुल्लिकनं जमिनीवर पुठ्ठा पसरला, गोठलेला मासा त्यावर आडवा ठेवला आणि अर्धगोल सुरीनं पहिला काप पाडून आपल्यापुढं ओढला. पहिला काप तिचाच. घरात मोठी ती. लुकासी समोर मांडी घालून बसला होता.

"ताई, शेपटीकडचं मला नको. दात राहिलेत किती माझे?"

"बडबडायला पुरतात तेवढे आहेत."

लुकासी सत्त्याहत्तरचा, तुल्लिक अडुसष्टची. तरी तो तिला ताई म्हणतो, आणि गावात कुणाला त्याचं नवल वाटत नाही. आमच्या बर्फाच्या मुलखात मेलेल्याचं नाव पुढच्या बाळाला देतात. नावाबरोबर माणूस परत येतो, नातीही येतात. लुकासीला एक थोरली बहीण होती, तिचंही नाव तुल्लिक. ती दहा वर्षांची असताना सरकारी बोटीवर तिच्या छातीचा फोटो काढला, क्षय निघाला आणि तिथूनच तिला दक्षिणेतल्या इस्पितळात नेलं. निरोप घ्यायला खाली उतरूसुद्धा दिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तीच बोट ती गेल्याची खबर घेऊन आली. त्या हिवाळ्यात ही, आताची तुल्लिक, जन्मली. आईनं 'तुल्लिक' म्हणून हाक मारली आणि हिचं रडणं थांबलं म्हणे. आईच्या पाठीवर असतानाच ही कुत्र्यांना घाबरायची, तेव्हा तर कुणाला शंकाच उरली नाही. थोरलीचा ओठ कुत्र्यानं फाडला होता.

कबर मात्र कुणी पाहिली नाही. तुल्लिकनं दोनदा अर्ज करून विचारलं, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: त्या वर्षीच्या मृतांच्या यादीत असं नाव नाही. लुकासीची छाती हल्ली चालताना वाजते. त्याच्या डोळ्यांदेखत कबर सापडावी एवढंच तिला हवं होतं, आणि म्हणूनच तिनं मालायाला घरात घेतलं होतं.

मालाया आमच्याच प्रदेशातली पोर, संग्रहालयात नोकरी करते, जुन्या सरकारी याद्या तिला बघता येतात. देशाचे पुढारी आणि आमच्या प्रदेशातली माणसं एकत्र असलेले जुने फोटो जमवून संग्रहालयाला त्यांचं प्रदर्शन मांडायचं होतं. त्या फोटोंच्या मागं पुढाऱ्याचं नाव असतं, त्याच्या बायकोचं असतं, एकाच्या तर कुत्र्याचंही होतं. आमची माणसं तेवढी 'एस्किमो रुग्ण'. मालाया गावोगाव म्हाताऱ्यांना विचारून ती नावं भरत हिंडत होती.

तिनं पुठ्ठ्याच्या कडेला फोटो ठेवला. "हे पंतप्रधान. इस्पितळाच्या भेटीतला फोटो आहे. बाजूची मुलं आपली असावीत."

"ह्याचं पोट बघ," लुकासी भिंग लावत म्हणाला. "ह्याला बर्फानं कधी तंबूत अडकवलेलं दिसत नाही." मग भिंग सरकत सरकत उजव्या टोकाला गेलं आणि तिथंच राहिलं.

"ओठ बघ हिचा."

तुल्लिक वाकली. तेरा-चौदा वर्षांची, हाडं वर आलेली मुलगी. वरच्या ओठाला उभी खाच. बाकीच्या मुलांच्या पायांत इस्पितळाच्या सपाता होत्या. हिच्या पायांत सीलच्या कातड्याचे बूट, घोट्यावर काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची पट्टी. तशी पट्टी फक्त आई शिवायची. पाय आत मावत नसावेत, टाचा तुडवून घातले होते.

"मी कुत्र्याचं हाड ओढलं, ही मध्ये पडली," लुकासी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, आणि तो हसलाही. "ताई, बघ गं! बघ तू कशी दिसायचीस!"

मालायानं फोटो उलटून पाहिला.

"काका, त्या कधी गेल्या म्हणालात?"

"ही जन्मायच्या आधीच्या उन्हाळ्यात. का गं?"

"हा फोटो त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबरात काढलाय."

"सरकारी तारीख! माझी जन्मतारीख त्यांनी तीनदा बदलली."

"तारीख राहू द्या, काका. पण हा माणूस त्या वर्षीच्या जूनपर्यंत पंतप्रधानच नव्हता."

लुकासीनं भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे ती जिवंत असताना मी चालायलाही लागले होते," तुल्लिक म्हणाली.

मग लुकासी आपल्या गळ्यावरून बोट फिरवत म्हणाला, "तेव्हा आमच्या गळ्यात नंबराचे बिल्ले असायचे. खबर नंबरावरून द्यायचे. एक आकडा चुकला की माणूस मेला."

"आणि ते पत्र?" तुल्लिकनं विचारलं.

त्यानं मान फिरवली. पत्र त्याला आठवत होतं, तिनं नुसतं ऐकलं होतं. ही सहा महिन्यांची असताना बोटीनं आलं होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं: आई, बूट आखूड झालेत, मोठे पाठव. वाटेत रखडलं असेल, मरायच्या आधीचं असेल, असंच सगळ्यांनी धरलं. टपाल तेव्हा वर्षवर्ष फिरायचं. आई दोन दिवस जेवली नाही. मग तिनं कातडं चघळून मऊ केलं आणि बूट शिवायला घेतले, पाठीवरच्या बाळासाठी. 'मागितलेस ना, घे,' म्हणून ती दर हिवाळ्याला आधीपेक्षा मोठे बूट शिवत राहिली. उत्तर मात्र कुणी लिहिलं नाही. मेलेल्या पोरीला कोण पत्र लिहितं?

तुल्लिक उठून आतल्या पेटीतून आईनं शिवलेला शेवटचा जोड घेऊन आली. तिनं तो फोटोशेजारी ठेवला.

"हे तिनं मागितले होते," ती म्हणाली. "घातले मी."

तिला लाज वाटली. आयुष्यभर कधी वाटली नव्हती अशी. आईची हाक तिनं घेतली होती, कुत्र्याची भीतीसुद्धा घेतली होती, आणि जिचं हे सगळं, ती तिकडं टाचा तुडवून बोटीची वाट बघत उभी होती.

"आता पुढच्या वर्षांच्या याद्या बघता येतील," मालाया हळू आवाजात म्हणाली. "सापडतील त्या. आजवर आपण चुकीचं वर्ष शोधत होतो." तिनं कागद पुढं घेतला. फोटोतल्या व्यक्तीचं नाव: तिनं 'तुल्लिक' लिहिलं. खालची ओळ ओळख सांगणाऱ्यांची. तिथं तिनं 'लुकासी, धाकटा भाऊ' असं भरलं. त्याखाली पुन्हा 'तुल्लिक' लिहिलं आणि तिचं पेन थांबलं.

"ह्यांचं नातं काय लिहू?"

तुल्लिकनं लुकासीकडं पाहिलं. सांगायचं काम त्याचंच होतं.

"ताई..." तो सवयीनं बोलून गेला. त्यानं बुटाची पट्टी अंगठ्यानं दोनदा पुसली.

"धाकटी बहीण लिही," तो म्हणाला.

माशाला कडेनं पाणी सुटलं होतं. पहिला काप अजून तसाच होता. तुल्लिकनं तो उचलला आणि लुकासीपुढं ठेवला.