काळ्या कागदाची चकती

उंदराच्या पोटावर काळ्या कागदाची चकती ठेवायची युक्ती प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञबाईंचीच. उंदरांना टोचलेल्या, औषध भरलेल्या अतिसूक्ष्म सेंद्रिय नळ्या कॅमेऱ्याखाली चमकत. कॅन्सरच्या गाठीत चमकत, पण यकृतात त्याहून कितीतरी जास्त, इतक्या की गाठ दिसेचना. म्हणून यकृत झाकून एक फोटो काढायचा, मग चकती उचलून दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी लावायचे. यात लपवाछपवी कसलीच नव्हती.

आज सकाळी माणसांवरच्या चाचणीचं माहितीपत्रक हातात पडलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो एकच होता, चकतीवाला. खाली छापलं होतं, 'नळ्या फक्त गाठीतच पोहोचतात.' म्हणजे यकृतात जे औषध साठणार, त्याचा पत्ताच नाही.

त्या तडक प्रमुखांच्या खोलीत शिरल्या.

"सर, दुसरा फोटो कुठंय?"

"जागा नव्हती हो," प्रमुख चहा ढवळत म्हणाले. "आणि पेशंटना उगाच कशाला घाबरवायचं?"

"चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीला तरी दाखवलात?"

प्रमुखांनी चमचा बशीत ठेवला. "बाई, तुम्ही फोटो काढा. विज्ञान आम्ही बघतो."

अठरा वर्षं या गृहस्थाचे उंदीर सांभाळले, त्याच्या चुका पोटात घातल्या, त्याचं हे फळ. विज्ञान बघतो म्हणे. याला साधी चकती कापता येत नाही. पण संतापाहून बाईंची भीती मोठी होती. चाचणीसाठी निवडलेल्यांत त्यांची थोरली बहीण होती, आणि आधीच्या औषधांनी तिचं यकृत अर्धंअधिक कामातून गेलेलं.

दोन्ही फोटो पिशवीत घालून त्या वॉर्डात पोहोचल्या, तेव्हा ताई संमतीपत्रावर सही करून निवांत बसली होती.

"ताई, सही मागे घे. तुला अर्धंच दाखवलंय." बाईंनी सगळं सांगितलं, चकतीसकट.

ताईने दोन्ही फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. "डॉक्टर म्हणाले होते, घरी नेऊन नीट वाचा. मी वाचलंच नाही गं. फोटोखाली तुझं नाव होतं."

बाईंना शरमेने मान वर करवेना. ताईनेच मग परिचारिकेला हाक मारून आपलं संमतीपत्र परत मागितलं. या वॉर्डात आणखी अकरा जणांनी सही केली होती, आणि त्यांतल्या कुणाचीच बहीण प्रयोगशाळेत नव्हती.

बाईंनी फोटो उचलले आणि शेजारच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "या पत्रकातला फोटो मी काढलाय," त्या म्हणाल्या. "तो खोटा आहे."