साखरेचा खण

वाटीच्या कडेशी एक मुंगी थांबली होती. पाण्याला मिशा लावून बघत होती, मागे फिरत होती, पुन्हा येत होती. मंजुळानं तांब्या कलंडला, कपाटाच्या चारी पायांखालच्या वाट्या काठोकाठ भरल्या आणि मग तिच्या ध्यानात आलं, की कपाट तर रिकामं आहे. काल दुपारीच सगळे डबे काढून गोणपाटात बांधले होते. आता मुंगी वर चढली काय नि न चढली काय, तिला आत एक दाणा मिळायचा नव्हता. आणि थोड्या वेळानं तर कपाटच जायचं होतं... तरी पाणी घातलंच. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला पहिलं काम मिळालं होतं ते हेच, आणि शेवटचंही हेच निघालं.

खालच्या दारापाशी ती तशीच उकिडवी बसून राहिली. वास येत होता. इतकी वर्षं धुऊन-पुसूनही सुक्या बोंबलांचा वास त्या फळ्यांतून गेला नव्हता.

कपाट सासऱ्यांनी करून घेतलेलं. दामाजी खाडीत मासे मारायचे. जुनी होडी मोडली तेव्हा तिच्या फळ्या चुलीत जाऊ नयेत म्हणून त्यांनी होड्या बांधणाऱ्या सुतारालाच सांगितलं, कपाट कर. त्या गड्यानं जन्मात कपाट केलेलं नव्हतं. त्यानं होडीच केली, फक्त उभी — बाजू किंचित फुगीर, सांधे बुजवलेले, खिळे असे ठोकलेले की जणू उद्या हे पाण्यात सोडायचंय. वर जाळीची दारं, दुधा-दह्याला वारा लागावा म्हणून, आणि खाली भरीव, मासळीचा वास कोंडून राहावा म्हणून. आत तीन खण.

"ये मंजुले, तुझा खन यो खालचा," लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं, रखमाबाईनं, सांगितलं होतं. "मधला समद्यांचा. वरचा माझा."

त्यात दुष्टपणा नव्हता. बाजारात कोणी कुठं बसायचं हे जसं ठरलेलं असतं तसं तिनं ते सांगितलं, आणि सून आपल्या जागी बसली. वरच्या खणात साखर, चहा, पाहुण्यांच्या कपबश्या. रखमाबाई चांगली उंच होती. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चेंदणीपासून नौपाड्यापर्यंत जायची ती मान न हलवता, आणि साखरेच्या डब्याला तिचा हात सहज लागायचा, टाच उचलावी लागायची नाही. मंजुळा तिच्या खांद्यालाही पुरत नव्हती. रोज सकाळी आधण ठेवायचं आणि म्हणायचं, "आय, साखर." मग तो हात वर जाणार, डबा खाली येणार, चमचा भरून आधणात पडणार, डबा पुन्हा वर. कधी कमी घातली नाही हो, ते कबूल करायला हवं. पण घालायची ती तीच.

मंजुळाच्या माहेरी, कळव्याला, असलं काही नव्हतंच. आजीच्या वेळी शिंकं होतं, भिंतीत कोनाडा होता, संपलं. मग बापानं स्टीलची मांडणी आणली, सगळी ताटं-वाट्या उघड्यावर, आल्या-गेल्याला दिसतील अशा, आणि आई ती दसऱ्याला चिंचेनं घासून पुन्हा लावायची. इथं सासरी फ्रिज आला तेव्हा जाळीतलं दूध-दही त्यात गेलं आणि जाळीला काही काम उरलं नाही, कांदे-बटाटे तेवढे राहिले. आता राहायला जायचं त्या ठाकुर्लीच्या फ्लॅटमध्ये सनमायकाचं कपाट. भांडी आधी टांगली, मग मांडली, मग कोंडली, आता लपवायची... बायकांचं काय, जे पुढ्यात येईल त्याच्यात डबे लावायचे.

बाहेर टेम्पोचा आवाज आला. जुनं फर्निचर घेणारा माणूस होता, मुंबईचा. त्यानं कपाटावरून हात फिरवला, फुगीर बाजू बघून खूश झाला, म्हणाला, अशी चीज आता होत नाही, लोक हॉलमध्ये ठेवतात, शोभेला. खालचं दार उघडून त्यानं तोंड आत घातलं आणि तितक्याच झटक्यानं बाहेर काढलं. मंजुळाला हसू फुटलं. जाऊ दे, ठेवा हॉलमध्ये, तिच्या मनात आलं, पाहुणे विचारतील तेव्हा सांगा काय ते.

कपाट उचललं तेव्हा चार वाट्या तेवढ्या जमिनीवर राहिल्या, चार कोपऱ्यांत, पाण्यानं भरलेल्या. तिनं त्या ओतल्या नाहीत.

"चल," दाजी, तिचा नवरा, म्हणाला. "नव्या घरी जगन सुतार वाट बघत असेल. आज काय ते नीट बघून घे. एकदा सनमायका चिकटला की मग काही हलायचं नाही." दाजीनं पाण्यात कधी पाय घातला नव्हता. खाडी कारखान्यांच्या पाण्यानं काळी झाली आणि तो डोंबिवलीच्या एका कारखान्यात लागला, म्हणून हे ठाकुर्लीचं घर.

वाटेत तिच्या डोक्यात पाट होता. का कोण जाणे. चौरंगाएवढा उंच, कडा झिजलेला पाट... शेवटच्या वर्षांत रखमाबाईची पाठ वाकली. एका सकाळी ती कपाटापुढं हात वर करून उभी राहिलेली मंजुळानं पाहिली. हात मधल्या खणाच्या थोडा वर गेला होता, आणि तिथंच होता, हवेत. आधण उकळत होतं. मग रखमाबाई म्हणाली, "पाट आन." मंजुळा पाटावर चढली. सासूनं खाली बसून तिचे दोन्ही घोटे धरले. "पडशील गो," म्हणाली. डबा खाली आला, सासूच्या हातात गेला, तिनं चमचा भरून साखर घातली, आणि मंजुळा डबा वर ठेवायला पुन्हा पाटावर चढली. तेव्हापासून रोज असंच. साखर खालच्या खणात ठेवावी, हे घरात कोणाला सुचलं नाही... नाही, सुचलं होतं. मला सुचलं होतं. पण सुचलं म्हणून लगेच बोलायचं असतं का?

आणि रखमाबाई गेली, तेरावं झालं, चौदाव्या दिवशी सकाळी मंजुळानं आधण ठेवलं आणि पाट ओढला. त्याला आता पाच वर्षं झाली असतील. घोटे धरणारं कोणी नाही म्हणून एका हातानं दाराची कड धरायची, एवढाच काय तो फरक.

फ्लॅटमध्ये फेविकॉलचा आणि भुशाचा वास भरला होता. जगन सुतार कानामागची पेन्सिल काढून पुढं आला.

"या वहिनी. बघा, बरोबर तुमच्या सुतळीच्या मापानं बसवलंय."

सुतळी तिनंच दिली होती. दाजीनं विचारलं होतं, वरची फळी किती उंच पाहिजे ते जगनला कळव. तिनं सुतळी घेतली, एक टोक जमिनीवर पाटाखाली दाबलं, दुसरं पाटावर उभं राहून साखरेच्या खणाशी नेलं आणि गाठ मारली. पाटावर उभं राहून. तेव्हा काही खटकलं नव्हतं.

तिनं हात वर केला. टाचा उचलल्या. बोटं फळीच्या कडेला जेमतेम टेकली, वर काही पोचली नाहीत. आणि मागं वळून, अगदी सहज, ती म्हणाली, "पाट कुठाय?"

"पाट?" जगन म्हणाला. "पाट कशाला?"

दाजी बघत राहिला, मग हसला. "अगं, हे तुझं माप नव्हेच! हे तर आईचं."

मंजुळा हसली नाही. तिला राग आला, आणि कोणाचा ते कळेना. त्या वाकलेल्या म्हातारीचा? या हसणाऱ्या माणसाचा? पाच वर्षं रोज पाट ओढणाऱ्या बाईचा तर नक्कीच. कोणी सांगितलं होतं तुला? कोणी नाही.

"फळी अजून नुसती दोन खिळ्यांवर आहे," जगन म्हणाला. "कुठं पाहिजे बोला, खाली घेतो."

"राहू दे की रे," दाजी म्हणाला. "पाट आणू आपण तिकडनं. तिला सवय आहे."

सवय. होती खरी. आणि तिच्या मनात आलं, की कपाट गेलं, वास गेला, वाट्याही तिथंच राहिल्या, या घरात रखमाबाईचं आलंय ते एवढंच, तिच्या हाताची उंची. ती खाली घेतली की मग संपलं. मग साखर कोणाकडं मागायची? तिला एकदम सासूची फार आठवण आली, इतकी, की ती गेली तेव्हाही आली नव्हती. "पडशील गो..."

"कुठवर पोचतो हात, दाखवा तर," जगन म्हणाला.

तिनं हात भिंतीला लावून वर नेला.

"टाचा टेकवा, वहिनी. रोज काय टाचा उचलून उभ्या राहणार?"

तिनं टाचा टेकवल्या. हात खाली आला, तिला वाटलं होतं त्याहून थोडा जास्तच खाली. आपला हात एवढाच पोचतो, हे तिनं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. जगननं तिच्या बोटांशी पेन्सिल नेली आणि तो थांबला.

"करू खूण?"

दाजी खिडकीतून खाली बघत होता. मंजुळाचा हात भरून आला होता. तिनं तो खाली घेतला नाही, आणि टाचाही उचलल्या नाहीत.