खिडकीकडे सरकणारा डोळा

माझं बोलणं अगदी मापाचं नसतं. कापड आटेल म्हणून शिंपी वाव ठेवतो, तेवढं सैल असतं. तर ऐका.

आमची ही दुकानात माझ्यासमोर बसून काज-बटण करायची. दुपार कलली की तिचा उजवा डोळा माझ्यावर आणि डावा हळूच खिडकीबाहेर. बाहेर कोण? समोरचा घड्याळवाला. लांबसडक बोटांचा, हसऱ्या तोंडाचा. माझ्या डोक्यावर नाहीत इतके केस मेल्याच्या नुसत्या भुवयांना!

एकदा तिची तंद्री लागलेली पाहून मी पांढरा दोरा ताणला. तिच्या डाव्या बाहुलीपासून नेम धरला, तर दोरा खिडकीतून थेट त्याच्या स्टुलावर.

"अहो, काय मोजताय?"

"पडद्याचं माप."

खोटं पडू नये म्हणून त्याच दिवशी पडदा शिवला, जाड खाकी, दुहेरी अस्तराचा. त्या आठवड्यात मी इतका जळत होतो की इस्त्रीला वीज लागली नाही.

पण दुकानात अंधार झाला आणि डोळा अधिकच भटकायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला सहा बटणं आणि काजं सात!

"हे काय गं?"

"दोन-दोन दिसतंय हो. तुम्हीसुद्धा दोन दिसता."

"तो दुसरा कोण?"

"तोही तुम्हीच. जरा बरा वाटतो. बोलत नाही."

झालं! घड्याळवाला परवडला, निदान रस्त्यापलीकडे तरी होता. हा दुसरा माझाच सदरा घालून माझ्या खुर्चीला चिकटून बसलेला.

संध्याकाळी घड्याळवाला दारात हजर. "मास्तर, रागावू नका. पडद्याआधी दिसायचं म्हणून सांगतो. वहिनी दमल्या की त्यांचा डावा डोळा बाहेर सरकतो."

"तुझं बरं लक्ष असतं!"

"माझ्या बहिणीचं असंच होतं. डॉक्टरला दाखवा. आणि तो पडदा काढा हो, अंधारात डोळ्यांना जास्त ताण."

मी मनातल्या मनात त्याचे तीन सदरे उलटे शिवले. पण गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी हिचा एकेक डोळा झाकून-उघडून पाहिला. मला राहवेना. "बाई, तो डोळा बघतो कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. दोन डोळ्यांची जोडी एकत्र धरून ठेवायला मेंदूला कष्ट पडतात. दमलं, तंद्री लागली की पकड सुटते, एवढंच."

मग चष्मा दिला. भरपूर उजेडात बसा, दर अर्ध्या तासाने सुई खाली ठेवा, म्हणाल्या. शिवाय व्यायाम. पेन्सिलीचं टोक हातभर अंतरावरून हळूहळू नाकाकडे आणायचं, एकाची दोन टोकं दिसली की थांबायचं. "तीन महिन्यांनी या. सरकणं वाढलं तर ऑपरेशनचं बघू."

पडदा मीच उतरवला. त्याच्या सहा पिशव्या झाल्या.

रोज सकाळी पेन्सिल मी धरायचो. ती त्या पेन्सिलीकडे अशी टक लावून बघायची, की तसं लग्नात माझ्याकडेसुद्धा बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पेन्सिल मोडली. आपोआप, शपथेवर सांगतो! मग सुई टोचू नये म्हणून बोटात घालतो ते अंगुस्तान मी चढवलं आणि त्यावर खडूने माझंच तोंड काढलं, मिशांसकट.

"हे कोण?"

"नीट बघत राहा, कळेल."

तीन महिने झाले. फार दमली तर डोळा अजून सरकतो. पण आता तिला आधीच कळतं. सुई ठेवते, डोळे मिटून घटकाभर बसते. परवा मी विचारलंच, "आता किती दिसतो मी?"

"एक."

"दोघांतला कोणता राहिला?"

तिने कोट बाजूला ठेवला, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. "बोलणारा. नशीब माझं!"

दोन्ही डोळे माझ्यावरच होते. दोरा लावून पाहिलाय मी.