नमतं घेण्याचे त्रेचाळीस शब्द

इंग्रजीत खाली उतरण्यासाठी, स्वतःला खाली आणण्यासाठी, कुणापुढे मान तुकवण्यासाठी एकेकाळी किती शब्द होते, हे आमच्या ह्यांना विचारा. त्रेचाळीस. त्यातला एकही आता कुणी वापरत नाही. ह्यांनी मराठीतला तरी एखादा घरात वापरलाय असं मला आठवत नाही, आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली.

हे इंग्रजी-मराठी कोशाचे संपादक. कार्यालय म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतींना लाकडी कप्पे, कप्प्यांत चिठ्ठ्यांचे गठ्ठे, आणि खालून दिवसभर टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ, आणि कोपऱ्यात दोन सह्या. पहिली लिहिणाऱ्याची, म्हणजे ह्यांची. दुसरी तपासणाऱ्याची, म्हणजे माझ्या नणंदबाईंची. त्या ह्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. सह्या झाल्या की चिठ्ठी माझ्याकडे येते आणि मी ती संगणकावर चढवते. म्हणजे भावाबहिणीच्या कार्यालयात मी तिसरी, आणि दोघांचं अक्षर लागणारी एकटी.

वन्संनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. ह्यांना ए-बी-सी-डी त्यांनीच हात धरून गिरवायला लावली, आणि हे तोंडाने कबूल करत नसले तरी अजूनही कठीण शब्द आला की पहिल्यांदा तिकडेच बघतात. अडुसष्टाव्या वर्षीही कुठली चिठ्ठी कुठल्या कप्प्यात आहे ते वन्सं जागेवरून न उठता सांगायच्या. त्यांचा एकच कडक नियम होता : गठ्ठा कप्प्यातून बाहेर काढला की वहीत लिहायचं, कोणी नेला, कधी नेला. मी लिहायचे. वन्सं स्वतः लिहायच्या. हे लिहायचे नाहीत. संपादकाने स्वतःच्याच कोशातली चिठ्ठी नेताना वहीत नाव लिहायचं म्हणजे काय, असं ह्यांचं म्हणणं.

यंदा कोशाला लोपलेल्या शब्दांची पुरवणी निघायची होती. त्यात वन्संनी खाली येण्याचे आणि नमण्याचे सगळे शब्द एकत्र बांधून ठेवले होते, आणि त्या गठ्ठ्यावर ह्यांचा अगदी जीव जडला. जेवायला बसलं की तेच. 'अव्हेल' म्हणजे घोड्यावरून खाली उतरणं, आणि समोरच्याचा मान राखून डोक्यावरची टोपी खाली घेणंही. 'व्हेल' म्हणजे जहाजाने शीड उतरवून दुसऱ्या जहाजाला मान देणं. 'डिमिट' म्हणजे स्वतःला खाली आणणं, 'मीकन' म्हणजे नम्र होणं किंवा करणं. मग मला विचारायचे, नमतं घेणं आणि पडतं घेणं यांत नेमका फरक काय गं? मी म्हणायचे, दोन्ही माझ्याच वाट्याला येत असल्यामुळे मला एकसारखीच वाटतात. हे ते गंभीरपणे कागदावर टिपून घ्यायचे.

तर एका सोमवारी कोश काढणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष पुरवणी बघायला आले. गृहस्थ भले, पण त्यांना बसायला दिलेली खुर्ची करकरली तरी ह्यांना घाम फुटतो. ह्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, ताई, तो नमण्याचा गठ्ठा दाखव. वन्संनी कप्पा ओढला. कप्पा रिकामा होता. त्यांनी वरचा बघितला, खालचा बघितला, वही उघडून बघितली. वहीत काहीच नव्हतं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि आमचे हे हसून म्हणाले, "ताईचं वय झालं आता. हल्ली विसरते ती."

वन्संनी पुन्हा खालचा कप्पा ओढला. अध्यक्ष गेल्यावरही संध्याकाळपर्यंत एकेक कप्पा काढून बघत राहिल्या. मी मदतीला उठले तर हातानेच नको म्हणाल्या. जाताना कप्प्यांच्या किल्ल्यांचा जुडगा ह्यांच्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, रागावल्या आहेत. रागावण्यासारखंच होतं, आणि वन्संचा राग आठवडाभर तरी टिकतो, हे मला नवी नवरी होते तेव्हापासून ठाऊक आहे.

गुरुवारी मी मोठी बॅग काढायला कपाटावर हात घातला. बॅगेच्या मागे उशीचा एक अभ्रा होता, तोंडाशी गाठ मारलेला, आणि त्यात तो गठ्ठा. त्रेचाळीस चिठ्ठ्या, वन्संच्या हातची नाडी बांधलेली. नजरचुकीने राहून गेलेली वस्तू उशीच्या अभ्र्यात गाठ मारून कपाटावर चढत नाही. मी तो ह्यांच्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता वाढत राहिले. घास तोंडापर्यंत गेला होता तो हळूच ताटात परत आला.

मग सगळं बाहेर पडलं. रविवारी निवांत वाचायला म्हणून ह्यांनी तो शनिवारी घरी आणला होता आणि चक्क विसरले होते. सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर आरामखुर्चीशेजारी दिसला. तेव्हाच ताईला फोन करायचा होता, पण अध्यक्षांसमोर बोलून गेलेलं, आता काय तोंडाने सांगायचं. सांगतो म्हणाले, योग्य वेळ बघून सांगतो, तू मध्ये पडू नकोस. मी म्हटलं, मी कशाला पडू, पडायची पाळी तुमची आहे.

योग्य वेळ येईपर्यंत ह्यांनी जे जे केलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. शुक्रवारी वन्संच्या टेबलाला नवी गादीची खुर्ची आणली. शनिवारी त्यांच्या खिडकीला पडदा लावला, स्वतः स्टुलावर चढून, आणि उलटा लावला. सोमवारी वन्संना 'प्रमुख सल्लागार' असं पद दिल्याचं पत्र तयार केलं. मंगळवारी माफीचा मसुदा केला आणि मला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, 'सदर चिठ्ठ्या संपादकांच्या निवासस्थानी आढळून आल्या आहेत.' मी विचारलं, चिठ्ठ्या तिथे कशाने आल्या, पायी की रिक्षाने? तेव्हा ह्यांनी 'अनवधानाने' हा शब्द वाढवला. मी विचारलं, कुणाच्या? तर म्हणाले, ते संदर्भाने कळतंच.

हसू नका म्हणणार नाही, मीही हसतच होते. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. एकतीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माझ्या कचाट्यात सापडला होता, आणि त्याला आपणहून खाली उतरताना मला बघायचं होतं. मी सांगून टाकलं असतं तर ह्यांची आयतीच सुटका झाली असती. म्हणून मी तोंड मिटून बसले, रोज रात्री वाढताना एक टोमणा मारला, आणि स्वतःला फार शहाणी समजले.

शुक्रवारी दुपारी वन्संचा फोन आला. घराची दुसरी किल्ली तुझ्याकडे ठेवायची आहे, जमलं तर ये, म्हणाल्या. आवाज शांत होता. हे कार्यालयात काम करत बसले होते, त्यांना तिथेच सोडून मी निघाले. वन्संचं घर दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. यजमान गेल्यापासून त्या एकट्या राहतात, आणि एकटीने राहण्याचा त्यांना अभिमान आहे.

दार उघडून त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. साखर. मीठ. चहा. आपल्या कोशाच्याच कोऱ्या चिठ्ठ्या, त्याच सुबक अक्षरात. गॅसच्या वर एक मोठी : बंद केला का? ओट्यावर वही उघडी होती. मी वाचायचं ठरवून वाचलं नाही, पण समोरच होतं. सात दहा, गॅस बंद केला. सात पंधरा, पुन्हा पाहिला, बंद होता. सात वीस, पुन्हा पाहिला.

वन्सं डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. त्यांनी महिने उलटे म्हणायला लावले. सगळे बरोबर आले, डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, पण वन्संचा विश्वास बसला नव्हता. डॉक्टर पाच मिनिटं बघतात, म्हणाल्या, माझ्या भावाने मला जन्मभर बघितलंय. लेकीला कळवून झालं होतं. जावई पुढच्या रविवारी गाडी घेऊन येणार होते. उद्या सकाळी घरमालकाला सांगायचं, की महिनाअखेर खोल्या सोडते.

"त्याच्यावर राग नाही गं माझा," त्या म्हणाल्या. "बरं झालं त्याने तोंडावर सांगितलं. तो गठ्ठा मी बांधला, आत ठेवला, कप्पा लोटला, सगळं मला डोळ्यांसमोर दिसतं. आणि कप्पा तर रिकामा. आता जे दिसतं त्यातलं खरं कुठलं, हे मी कुणाला विचारू?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी जरा बाहेर जाऊन येते म्हणाले, जिन्यात आले आणि ह्यांना फोन लावला. म्हटलं, असाल तसे या. हे विचारायला लागले, काय झालं, पडली का ती? मी म्हटलं, हो, तुम्हीच पाडलीत, आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांत आले. तीन मजले चढून धापा टाकत होते. आत येऊन खुर्चीवर बसले आणि सवयीने सुरुवात केली, ताई, त्या दिवशी कार्यालयात जो प्रकार घडला त्या संदर्भात, अनवधानाने असं झालं की. तेवढ्यात ह्यांची नजर डब्यांवर गेली. मग गॅसवरच्या चिठ्ठीवर. मग वहीवर. वही ह्यांनी जवळ ओढली आणि एक पान वाचलं, उलटून दुसरं वाचलं. मी ह्यांना रडताना फक्त सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं.

"ताई, गठ्ठा मी नेला होता," हे म्हणाले. "शनिवारी, घरी वाचायला. वहीत लिहिलं नाही. तू काही विसरली नाहीस. मी विसरलो, आणि त्याच संध्याकाळी सापडला तरी बोललो नाही. मला लाज वाटली म्हणून तुला वेडं ठरवलं."

त्यात एकही जुना शब्द नव्हता. वन्सं ह्यांच्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"म्हणजे गठ्ठा मी आत ठेवला होता?"

"ठेवला होतास."

"आणि कप्पा लोटला होता."

"लोटला होतास, ताई."

"पुन्हा सांग."

ह्यांनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, शनिवारपासून. वन्संनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि नापास होणाऱ्या मुलाकडून धडा म्हणून घ्यावा तसं मध्ये थांबवून विचारलं, किती वाजता नेलास, कुठल्या पिशवीतून, तेव्हा मी कुठे होते. ह्यांना जे जे आठवलं ते सांगितलं. वन्संना त्याहून जास्त आठवत होतं. तू निघालास तेव्हा मी खालच्या नळावर पेला धुवायला गेले होते, त्या म्हणाल्या, आणि एवढं म्हणून ओंजळीत तोंड झाकून घेतलं. हे खुर्चीवरून उठले, त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. वन्संनी ते बाजूला केलं नाही, कुरवाळलंही नाही. एवढंच म्हणाल्या, केस किती पांढरे झाले रे तुझे.

मग त्या उठल्या, तोंड धुऊन आल्या आणि लेकीला फोन लावला. मी येत नाही, म्हणाल्या. नाही, तब्येतीला काही झालेलं नाही. जावईबापूंना म्हणावं, गाडी आणायची तर आणा, चहा पिऊन परत जा. बोलताना त्यांचा शाळेतला आवाज परत आला होता. ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी ओट्याशी जाऊन चहा टाकला. साखरेच्या डब्याला हात लावला.

"तुला कधी कळलं गं?"

त्यांनी फोन ठेवला होता आणि माझ्याकडे पाहत होत्या. मी पाठ फिरवून होते तरी मला ते जाणवलं. हेही वर मान करून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं, मला उलटून काही म्हणता आलं असतं. मी साखर मोजली. एक, दोन, तीन चमचे. डबा बंद केला. गॅस बारीक केला. त्याच खुर्चीवर येऊन बसले जिथे मघाशी हे बसले होते.

"आठ दिवस झाले, वन्सं," मी म्हणाले. ते सांगायला मला ह्यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला.